इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर पहिला फोटोएमिशन बीमटाइम: तयारी कशी करायची

पुणे, कोल्हापूर, नागपूर, जळगाव अशा ठिकाणांहून पीएचडी करणारी मुलंमुली इंदूरला 'इंडस' या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन रिंगेत फिरवून त्यांच्यापासून तीव्र प्रकाश मिळवणाऱ्या यंत्रावर, मोजमापं करायला येतात. काही जण गेस्ट हाउसवर उतरतात, तर काही राजेंद्रनगरात एखाद्या मावशीकडे किंवा काकांकडे, कारण त्या भागात मराठी घरं भरपूर आणि कॅट रोड तिथून जवळ. येताना सगळ्यांना एकच धास्ती असते: बीम चालू असेल ना? माझ्या मते ही धास्ती चुकीच्या जागी असते. बीम गेला तर तो परत येतो. फोटोएमिशनमध्ये, म्हणजे प्रकाशाने नमुन्यातून बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्यात, शिफ्टच्या शिफ्ट वाया जातात त्या नमुन्याच्या पृष्ठभागापायी आणि न घेतलेल्या संदर्भ-मोजमापांपायी. या दोन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

१. कुठली रिंग, कुठली बीमलाइन

राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात दोन साठवण रिंगा आहेत. इंडस-१ ही ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टची लहान रिंग आहे. तिचा परीघ जेमतेम १९ मीटर असून ती १९९९ पासून चालते. इंडस-२ ही २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टची, १७२.५ मीटर परिघाची मोठी रिंग. दोघींचं इंजेक्शन, म्हणजे रिंगेत इलेक्ट्रॉन भरणं, एकाच ठिकाणाहून होतं: मायक्रोट्रॉन इलेक्ट्रॉनांना २० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतो आणि पुढचं काम बूस्टर करतो.

तुमच्या दृष्टीने फरक ऊर्जेचा आहे. इंडस-१ चा प्रकाश मृदू असतो, साधारण दोनशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (पुढे नुसतं ईव्ही म्हणतो) आतबाहेरपर्यंत उपयोगी. संयुजा पट्टा, म्हणजे व्हॅलन्स बँड (सर्वांत बाहेरच्या, सैल बांधलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या), आणि उथळ कोअर पातळ्या (अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या) बघायच्या असतील तर इथे या. यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन संस्थेची कोन-समाकलित (सगळ्या कोनांतले इलेक्ट्रॉन एकत्र मोजणारी) फोटोएमिशन बीमलाइन, म्हणजे रिंगेतला प्रकाश नमुन्यापर्यंत नेऊन मोजमाप करणारी मांडणी, याच रिंगेवर आहे. इंडस-२ वर मृदू क्ष-किरण शोषणाची बीमलाइन आहे, कोनानुसार इलेक्ट्रॉन मोजणारी, म्हणजे आर्पेसची आहे, आणि काही हजार ईव्हीच्या प्रकाशावर चालणारी कठीण क्ष-किरण फोटोएमिशनची, म्हणजे हॅक्सपेसची बीमलाइनही आहे.

निवड करताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. इलेक्ट्रॉन पदार्थातून धडक न खाता किती अंतर बाहेर येतो हे त्याच्या गतिज ऊर्जेवर ठरतं, आणि ५० ते १०० ईव्हीच्या आसपास ते अंतर सर्वांत कमी असतं, सुमारे ५ अँगस्ट्रॉम. म्हणजे इंडस-१ वर काम करताना तुम्ही पदार्थाचे वरचे दोन-तीन थरच पाहता. हॅक्सपेसवर तेच अंतर काही नॅनोमीटरपर्यंत जातं, त्यामुळे गाडलेला थर, आंतरपृष्ठ किंवा हवेत राहिलेली पातळ फिल्म तिथे जास्त प्रामाणिकपणे दिसते. किंमत मात्र मोजावी लागते: ऊर्जा वाढली की प्रकाश-आयनीकरणाचं प्रमाण झपाट्याने घटतं आणि मोजणीचा वेळ लांबतो.

आणि एक रोखठोक प्रश्न स्वतःला विचारा: हे काम प्रयोगशाळेतल्या साध्या एक्सपीएस (क्ष-किरण फोटोएमिशन) यंत्रावर, १४८६.६ ईव्हीच्या अ‍ॅल्युमिनियम स्रोतावर होण्यासारखं आहे का? नुसती 'ऑक्सिडेशन अवस्था तपासायची आहे' एवढंच असेल तर बहुतेक वेळा होतं. मग सिंक्रोट्रॉनची रांग लावू नका.

२. प्रस्ताव

अर्ज ऑनलाइन करायचा असतो, आणि तज्ज्ञ समिती तो तपासते. अर्ज भरण्याआधी बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना एक छोटी ई-मेल टाका: नमुना काय, कुठल्या पातळ्या, कुठली ऊर्जा, तापमान किती. 'तुमची बीमलाइन वापरायची आहे, कृपया मार्गदर्शन करावे' अशा ई-मेलला उत्तर देणं कुणालाही अवघड जातं.

प्रस्तावात 'इलेक्ट्रॉनिक रचना अभ्यासणे' असं लिहून थांबू नका. बदलती फोटॉन ऊर्जा का हवी, ते आकड्यांत सांगा. उदाहरणार्थ, मँगॅनाइट असेल तर ५० ईव्हीच्या आसपास मँगॅनीजचं ३पी-३डी अनुनाद (ठरावीक फोटॉन ऊर्जेला सिग्नल एकदम वाढणं) येतं, सिरियमच्या संयुगात १२१ ईव्हीजवळ ४डी-४एफ. तिथे ऊर्जा बारीक पावलांनी बदलत गेलात की ३डी किंवा ४एफ चा वाटा संयुजा पट्ट्यात कुठे आहे ते उठून दिसतं. हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक ऊर्जेच्या दिव्यावर शक्य नाही, आणि समितीला नेमकं हेच वाचायचं असतं. नमुन्याची क्ष-किरण विवर्तनाची आणि जमल्यास विद्युत रोधकतेची मोजमापं सोबत जोडा.

वेळेचा हिशेब कागदावर करून मगच शिफ्ट मागा. एका स्पेक्ट्रमला २० मिनिटं, ऊर्जा १२, तापमानं ३ धरली तर नुसती मोजणीच १२ तास झाली. त्यात पृष्ठभाग साफ करणं, तापमान स्थिर होणं, इंजेक्शनसाठी थांबणं आलंच नाही.

३. नमुना: अर्धं काम घरीच होतं

आधी निर्वाताचा हिशेब समजून घ्या. दाब १० चा उणे ६ वा घात टॉर असेल आणि आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला, तर स्वच्छ पृष्ठभागावर एक अख्खा थर सुमारे एका सेकंदात बसतो. उणे १० व्या घातावर त्यालाच १० हजार सेकंद लागतात, म्हणजे जवळपास पावणेतीन तास. एवढाच तुमच्या स्वच्छ पृष्ठभागाचा आयुष्यकाळ. थंड केलेला नमुना तर वायू आणखी आवडीने धरून ठेवतो. म्हणून मोजमापांचा क्रम लावताना सर्वांत महत्त्वाचं मोजमाप सफाईनंतर लगेच घ्यायचं.

पृष्ठभाग स्वच्छ करायचे चार मार्ग आहेत, आणि प्रत्येकाची खोड वेगळी.

स्फटिक फोडणं: एकस्फटिकाला आणि थरांच्या पदार्थांना हे उत्तम. नमुन्याच्या डोक्यावर छोटा खांब चिकटवून तो चेंबरच्या आत पाडायचा. चिकटवणारं इपॉक्सी निर्वातात चालणारं हवं आणि घरी नीट भाजून पक्कं केलेलं हवं. खांब निघाला पण स्फटिक फुटलाच नाही, हा प्रकार फार होतो. म्हणून एकाच नमुन्याचे तीन-चार तुकडे लावून आणा.

खरवडणं: बहुस्फटिकी गोळीसाठी हिऱ्याच्या कानशीने चेंबरमध्येच घासतात. त्यासाठी गोळी घट्ट सिंटर झालेली, म्हणजे भट्टीत तापून एकजीव झालेली हवी. ठिसूळ गोळी कानशीखाली भुगा होते आणि तो भुगा चेंबरच्या तळाशी जाऊन बसतो. त्यानंतर बीमलाइनवाल्यांचे चेहरे बघवत नाहीत. घरी बोटाच्या नखाने कड निघते का ते बघा. निघाली तर परत भट्टीत.

अरगॉन आयनांचा मारा: धातू आणि मिश्रधातूंना ठीक. ऑक्साइडवर मात्र जपून. आयन हलक्या ऑक्सिजनला आधी उडवतात. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये त्रिसंयुजी टायटॅनियम आणि सिरियम ऑक्साइडमध्ये त्रिसंयुजी सिरियम तुमच्याच माऱ्याने तयार होतं, आणि नवखा माणूस त्याला शोध समजून शोधनिबंध लिहायला बसतो.

तापवणं: पातळ फिल्मसाठी, ऑक्सिजनच्या दाबात. ही सोय प्रत्येक बीमलाइनवर असेलच असं धरून चालू नका, आधी विचारा.

काय आणायचं नाही तेही ऐका. जस्त, कॅडमियम, गंधक असे सहज वाफ होणारे पदार्थ, त्यांचे मिश्रधातू (पितळ यातच आलं), सुटी पावडर, साधा कार्बन टेप, आणि कुठल्याही द्रावणात राहून नीट न सुकलेली फिल्म. यातलं काही असेल तर लपवू नका. चेंबर एकदा घाण झाला की तो परत भाजून मूळ निर्वात यायला दिवस जातात, आणि ते दिवस तुमच्यानंतरच्या माणसाचे असतात.

नमुन्याचा आकार ५ ते १० मिलिमीटरच्या घरात, जाडी होल्डरला मानवेल अशी. होल्डरचा नेमका प्रकार आणि मापं आधी मागवून घ्या. शेवटी, विद्युत जोडणी: नमुना आणि होल्डर यांच्यातला रोध घरीच मल्टिमीटरने मोजा. कुचालक तळावरची फिल्म असेल तर वरच्या बाजूपासून होल्डरपर्यंत टँटलमची पट्टी किंवा चांदीच्या इपॉक्सीची रेघ ओढून जोडणी करा.

४. प्रवेश, कागदपत्रं आणि पिशवी

केंद्र अणुऊर्जा विभागाचं आहे, त्यामुळे दारावर कडक पहारा असतो आणि पास आधी मंजूर झालेला लागतो. नावांची यादी दिल्यानंतर आयत्या वेळी मित्राला सोबत आणायचं डोक्यातून काढा.

सोबत ठेवा:

- वेळ मंजूर झाल्याचं पत्र, छापील प्रत
- सरकारी ओळखपत्र, मूळ आणि झेरॉक्स
- संस्थेचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र
- नमुन्यांची यादी, रासायनिक सूत्रं आणि सुरक्षेची माहिती
- लॅपटॉप किंवा इतर उपकरण न्यायचं असेल तर त्याचा अनुक्रमांक आणि आधी घेतलेली परवानगी
- पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, स्वतःचा स्वच्छ चिमटा, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल का ते विचारून
- जाड पुठ्ठ्याची वही

फोन, कॅमेरा, पेन ड्राइव्ह यांबद्दल पत्रात जे लिहिलं असेल तेच शेवटचं. आत गेल्यावर किरणोत्सर्ग मोजणारा बॅज देतात, तो छातीवरच लावा. बॅगेत ठेवलेला बॅज बॅगेचं मोजमाप घेतो.

पत्त्याची एक गंमत आहे. सीएसआरचं कार्यालय आणि प्रयोगशाळा खंडवा रोडवर, विद्यापीठाच्या आवारात. रिंगा मात्र कॅट रोडवर, सुखनिवासकडे. सीएसआरच्या बीमलाइनवर वेळ मिळालेली मंडळी सामान घेऊन थेट खंडवा रोडला जाऊन उभी राहतात. आधी कुठे हजर व्हायचं ते विचारा. रिक्षावाल्याला राजा रामण्णा केंद्र सांगण्यापेक्षा 'कॅट' सांगा. केंद्राचं नाव २००५ मध्ये बदललं, शहराच्या तोंडातलं बदललेलं नाही.

५. प्रकाशापासून डिटेक्टरपर्यंत: कोण काय करतं

पहिल्या दिवशी संगणकासमोर बसायची घाई करू नका. रिंगेकडून नमुन्यापर्यंत पायी चालत जा आणि प्रत्येक डब्यापाशी 'हे काय?' असं विचारा.

सुरुवातीला आरसे असतात. ते तिरप्या, अगदी थोड्या कोनात प्रकाश घेऊन तो एका फटीवर एकवटतात. मग मोनोक्रोमेटर: इंडस-१ च्या या बीमलाइनवर टोरॉइडच्या आकाराच्या ग्रेटिंगा आहेत, ऊर्जेच्या पट्ट्याप्रमाणे बदलायच्या. हॅक्सपेससारख्या कठीण प्रकाशाला ग्रेटिंग चालत नाही, तिथे सिलिकॉनचे दोन स्फटिक हे काम करतात. ग्रेटिंगच्या पुढेमागे फटी असतात. फट उघडली की प्रकाश वाढतो पण ऊर्जेची बारकाई (रिझोल्यूशन) बिघडते. वाटेत सोन्याची बारीक जाळी असते, तिच्यातून निघणारा प्रवाह सांगतो की नमुन्यावर किती प्रकाश पडतोय. रिंगेतला प्रवाह भरल्यापासून सतत उतरत असतो, म्हणून या जाळीचा आकडा प्रत्येक स्पेक्ट्रमसोबत नोंदवायचाच. अनुनादाची मोजमापं याच्याशिवाय निरुपयोगी.

पुढे चेंबर. टर्बो पंप, आयन पंप, टायटॅनियम सब्लिमेशन पंप, आणि नमुना आत सरकवायचा लोड लॉक. कुठलाही गेट व्हॉल्व्ह स्वतःहून उघडू नका, दोन्ही बाजूंचे दाब वाचा आणि तिथल्या माणसाला विचारा. हा शिष्टाचार नाही, मागे रिंगेचा निर्वात आहे.

आणि मग अर्धगोलाकार विश्लेषक. दोन अर्धगोलांच्या मधून, ठरावीक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तेवढे वळून पलीकडे पोहोचतात. त्या ऊर्जेला पास एनर्जी म्हणतात. ती आणि फट मिळून बारकाई ठरते: पास एनर्जी गुणिले फट, भागिले सरासरी त्रिज्येची दुप्पट. त्रिज्या १२५ मिलिमीटर, फट १ मिलिमीटर, पास एनर्जी २० ईव्ही धरली तर ०.०८ ईव्ही येते. पास एनर्जी ५० केली तर ०.२. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण रात्री दोन वाजता 'सिग्नल कमी आहे, पास एनर्जी वाढवू का?' हा प्रश्न पडतोच. बीमलाइनची बारकाई ०.२ असताना विश्लेषकाला ०.०३ वर नेऊन ताटकळत बसण्यात अर्थ नाही, आणि उलटही तेवढंच खरं.

६. आधी सोनं मोजा

नमुन्याला हात लावण्याआधी, त्याच होल्डरवरच्या स्वच्छ सोन्याची किंवा चांदीची फर्मी कड, म्हणजे भरलेल्या इलेक्ट्रॉन पातळ्या जिथे संपतात ती कड, घ्या. कारण सोपं आहे. नमुना आणि विश्लेषक विद्युतदृष्ट्या जोडलेले असतात, त्यामुळे दोघांच्या फर्मी पातळ्या एका रेषेत येतात, आणि बंधन ऊर्जा (इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलेला आहे ते) काढताना नमुन्याचं नाही तर विश्लेषकाचं कार्यफल (वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) लागतं. फर्मी कड कुठे पडली ते कळलं की तो शून्य मिळाला. कडेची रुंदी तुम्हाला एकूण बारकाई सांगते; त्यातला खोलीच्या तापमानाचा वाटा, दहा ते नव्वद टक्क्यांच्या मापाने, साधारण ०.११ ईव्ही असतो.

मोनोक्रोमेटरच्या पडद्यावर ६० ईव्ही लिहिलंय म्हणजे प्रकाश ६० ईव्हीचाच आहे असं समजू नका. तो ५९.७ असू शकतो, आणि ग्रेटिंग बदलून परत आल्यावर आणखी वेगळा. म्हणून फोटॉन ऊर्जा बदलली की फर्मी कड परत घ्यायची. कंटाळा येतो, तरी घ्यायची.

यावर एक छान युक्ती आहे. ग्रेटिंग ६० ईव्हीसोबत दुसऱ्या क्रमाचा १२० ईव्हीचा प्रकाशही थोडाफार सोडतं. त्या प्रकाशाचीही फर्मी कड पडते, बरीच वर. दोन्ही कडांच्या गतिज ऊर्जांमधला फरक म्हणजे तुमची खरी फोटॉन ऊर्जा. कार्यफलाची भानगडच उरत नाही.

पण हाच दुसरा क्रम नवख्याला चकवतो. सोन्याची ४एफ पातळी ८४ ईव्हीवर आहे, ६० ईव्हीच्या प्रकाशाने ती दिसणं शक्य नाही. तरी १२० ईव्हीचा प्रकाश तिला बाहेर काढतो, आणि ती पडद्यावर २४ ईव्हीवर दिसते, जोडीदार २७.७ वर. कोऱ्या जागी असं काही उगवलं तर फोटॉन ऊर्जा दोन ईव्हीने वाढवा. खरी पातळी बंधन ऊर्जेच्या मापावर जागची हलत नाही. दुसऱ्या क्रमाचं शिखर दोन ईव्हीने कमी बंधन ऊर्जेकडे सरकतं. ऑजे शिखराची (आतल्या पातळीतली रिकामी जागा भरताना सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या शिखराची) गतिज ऊर्जा तशीच राहते, म्हणून ते बंधन ऊर्जेच्या मापावर दोन ईव्हीने जास्तीकडे जातं.

७. शिफ्ट चालू झाल्यावर

१. रुंद स्पेक्ट्रम आधी घ्या, बारीक नंतर. नमुना जागेवर आहे का, होल्डरचा सिग्नल येतोय का हे त्यात कळतं.

२. स्वच्छता तपासा. एक्सपीएसवर आपण ऑक्सिजन १एस आणि कार्बन १एस बघतो. इंडस-१ च्या प्रकाशाने या पातळ्या (५३० आणि २८५ ईव्हीच्या आसपास) पोहोचतच नाहीत. चेंबरला क्ष-किरण गन जोडलेली असेल तर तिचा वापर करा. नसेल तर संयुजा पट्ट्यातच ६ ईव्हीच्या आणि ९-१० ईव्हीच्या आसपास वाढणाऱ्या उंचवट्यावर नजर ठेवा. पहिला स्पेक्ट्रम शेवटी परत घेऊन एकावर एक ठेवा; हे दोन जुळले नाहीत तर मधल्या सगळ्यावर प्रश्नचिन्ह.

३. नमुना भारित होतोय का? प्रकाश निम्मा करा. शिखर सरकलं तर होतोय. भारामुळे सरकलेला स्पेक्ट्रम सुधारायला कार्बनला २८४.८ वर आणून बसवण्याची सवय घरच्या यंत्रावर ठेवा. खरवडलेल्या स्वच्छ पृष्ठभागावर तो कार्बन असायलाच नको.

४. वहीत प्रत्येक ओळीला: वेळ, फाइलचं नाव, फोटॉन ऊर्जा, ग्रेटिंग, फटी, पास एनर्जी, रिंगेचा प्रवाह, जाळीचा प्रवाह, दाब, तापमान, शेवटची सफाई किती वाजता. 'टेस्ट३_नवीन_फायनल' नावाची फाइल चार महिन्यांनी कुणालाच ओळखता येत नाही.

५. बीम गेला तर निवांत बसू नका. मधल्या वेळात नमुना खरवडू मात्र नका, बीम आल्यावरच खरवडा. तोवर घेतलेल्या फर्मी कडा जुळवून ठेवा.

रात्रीच्या शिफ्टआधी कॅन्टीनच्या वेळा विचारून ठेवा. सकाळी सुटल्यावर शहरात कुठेही गरम पोहे-जिलेबी मिळतात, आणि रात्रभर जागलेल्या पोटाला इंदुरी पोह्यांवरची ती शेव फार बरी वाटते. गाडी चालवायची असेल तर मात्र आधी झोप.

८. निघताना

कच्च्या फाइली यंत्राच्या मूळ स्वरूपात आणि साध्या मजकुराच्या स्वरूपात, दोन्ही घ्या. कशावर घ्यायच्या ते तिथल्या नियमाप्रमाणे. विश्लेषकाचं कार्यफल, ग्रेटिंगच्या रेघांची संख्या आणि बारकाईचे मोजलेले आकडे बीमलाइनच्या माणसाकडून तिथेच लिहून घ्या. शोधनिबंधात आभार कसे मानायचे आणि सहलेखकाचा प्रश्न असेल तर तोही समोरासमोर बोलून घ्या, ई-मेलवर तो नेहमी अवघड होतो. नमुने होल्डरवरून उतरवून परत मागा, होल्डर तिथलाच असतो. आणि येताना दारावर नोंदवलेली प्रत्येक वस्तू जाताना त्याच कागदासकट दाखवा. नोंद न करता आत नेलेली वस्तू बाहेर काढताना तुमची गाडी सुटू शकते.